वक्तृत्वाची कसोटी



वक्तृत्व शिकता येते, यात शंका नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्स नगरीत ते शुल्क घेऊन शिकविले जाई. तेथे न्यायसभेत प्रत्येकास आपली बाजू स्वतः मांडावी लागे. ज्याला ते साधत नसे, तो द्रव्य देऊन दुसऱ्याकडून भाषण लिहवून घेई. जिव्हेला एवढे मोल आल्यावर दुर्बळ पक्ष सबळ करून दाखविणे हेच चातुर्य ठरू लागले, तर नवल ते काय?

त्याच नगरीत इ. स. पूर्व ३९९ मध्ये सत्तर वर्षांचा सॉक्रेटिस आरोपी म्हणून उभा राहिला. हा माणूस बोलण्याने भुरळ घालील, असा इशारा फिर्यादींनी पंचांस दिला होता. त्या वेळी हजर असलेल्या प्लेटोने लिहून ठेविल्याप्रमाणे त्याच्या उत्तराचा आशय असा की, सत्य बोलणाऱ्यास वक्ता म्हणत असाल तरच मी वक्ता! त्याला तीन पुत्र होते. पण त्यांना पुढे आणून पंचांच्या डोळ्यांत पाणी उभे करण्याचा रूढ मार्ग त्याने नाकारला. केवळ तीस मते इकडची तिकडे झाली असती, तर तो सुटता. शब्द अपुरे पडले म्हणून नव्हे, तर तुम्हांस रुचेल ते बोलण्याचा निर्लज्जपणा अंगी नव्हता म्हणून मी हरलो, असे तो शिक्षेनंतर म्हणाला.

सत्याला शब्दसौंदर्य वर्ज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. त्याचे ते भाषण सुमारे चोवीस शतके वाचले जात आहे. सौंदर्याने सत्याची सेवा करावी, त्याची जागा बळकावू नये, एवढेच.

आपली बाजू न्याय्य असली म्हणजे मोह अधिकच बळावतो. आकडा थोडा फुगविला, विरोधकाच्या तोंडी न बोललेले वाक्य घातले, तर बिघडले कोठे, असे वाटते. बिघडते ते येथेच! एक असत्य उघडे पडले, की दहा सत्यांवरचा विश्वास उडतो.

श्रोत्यांनो, या पापात आपलाही वाटा असतो. टाळी ही वक्त्याची मजुरी आहे. ती कशासाठी द्यावयाची, हे आपल्या हाती आहे. आपल्याला अप्रिय असे सत्य जो आपल्यासमोर बोलतो, त्याचे पहिले ऐका.