प्रार्थनेला वेळ कुठून आणायचा?

(आंबिवली येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आंबिवलीत या विषयावर बोलणं सोपं आहे. अलीकडे शहाडला बिर्ला मंदिरातला विठोबा, पलीकडे टिटवाळ्याचा गणपती. एकादशी काय, मंगळवारची गर्दी काय, भक्तीला वार आणि तिथी लागते हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्या ख्रिस्ती घरांत मात्र एक तक्रार हमखास ऐकू येते: रविवारी देवळात जातो, पण रोजची प्रार्थना होत नाही, मन लागत नाही. मला वाटतं, मन लागण्याची वाट पाहतो म्हणूनच ती होत नाही. रोजची प्रार्थना वेळेला नाहीतर कामाला बांधावी लागते.

जुन्या मंडळींना हे ठाऊक होतं. ‘डिडाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, असं सांगितलं आहे. वसईच्या कॅथलिक गावांत सकाळ, दुपार, संध्याकाळ वाजणारी चर्चची घंटा त्याच वळणाची. घंटा झाली की वाडीतला माणूस हातातलं काम थांबवून उभा राहायचा. आज तुझं मन लागलं का, असं त्याला कुणी विचारत नसे.

पण सगळ्यांना काम थांबवता येत नाही. त्यांना काम करता करता म्हणता येईल असं काही लागतं. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले. बाप्तिस्मा घेतलेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्यासाठी त्यांनी ख्रिस्तपुराण लिहिलं. ते 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं. छंद निवडला ओवीचा, म्हणजे आपल्या बायका दळताना जो गात आल्या तो. हात जात्यावर, तोंड मोकळं. तीनशे वर्षांनी रेव्हरंड टिळकांनी अभंग घेतला, आणि मराठी प्रोटेस्टंट घरांत त्यांची गीतं आजही म्हटली जातात. टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, तेव्हा पुढचे चौसष्ट अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. शाळेचं रीतसर शिक्षण नसलेली ही बाई. कानावर रोज पडलेलं किती मुरतं, हे त्यावरून पाहा.

आता तुमची लोकल घ्या. टाळ घेऊन भजन म्हणणारी मंडळी डब्यात असतात, त्यांचा मला थोडा हेवाच वाटतो. आपल्याला तसं जमत नसेल तर बायबलमधल्या नहेम्याकडे पाहावं. हा पारसाच्या राजाचा प्यालेबरदार, म्हणजे ड्यूटीवरचा माणूस. राजानं विचारलं, तुला हवं तरी काय? नहेम्यानं उभ्या उभ्या देवाची प्रार्थना केली आणि लगेच राजाला उत्तर दिलं. गुडघे टेकले नाहीत, डोळे मिटले असतील असंही वाटत नाही. साहेबानं बोलावल्यावर केबिनच्या दारापर्यंत जायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात ही प्रार्थना होते.

मग प्रार्थना करताना खोलीत जाऊन दार लावा, असं येशूनं सांगितलं त्याचं काय? वन रूम किचनमध्ये पाच माणसं. दार कुठलं लावणार? त्या सांगण्याचा रोख दिखाऊपणावर आहे, घराच्या चौरस फुटांवर नाही. आणि दिखावा बंद दाराआडही होतो. घरच्या प्रार्थनेत सुनेच्या चुका देवाला सविस्तर कळवणाऱ्या सासवा मी ऐकल्या आहेत. सून शेजारीच बसलेली!

दार लावण्याचं ते सांगणं ज्या अध्यायात आहे, त्यातच प्रभूची प्रार्थना आहे. मागणं आजच्या भाकरीचं, वर्षाच्या धान्याचं नाही. इथल्या मोहन्यात एनआरसीचा कारखाना 2009 साली बंद पडला आणि थकलेल्या देण्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. त्या चाळींमध्ये या ओळीचा अर्थ कुणी वेगळा सांगावा लागला नसेल. ती नुसती पाठ म्हणून पुटपुटणारे बहुतेक भरल्या ताटावर बसलेले असतात.

परवा एका बाईंनी मला विचारलं, मुलगा रात्री अकराला घरी येतो, मग कुटुंबप्रार्थना करायची कधी? मी म्हटलं, त्याच्यासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवू नका. नऊला एक गीत, एक छोटा उतारा, आणि प्रार्थना धाकट्यानं करायची. चुकली तर चुकू द्या. मोठा आला की त्याला वाढा, आणि तो जेवायला बसला की त्याच्याबरोबर प्रभूची प्रार्थना पुन्हा म्हणा. अर्धं मिनिट लागतं.