अर्ध्या भाकरीला अर्धा तास



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला बोलावले ते कामगार कायद्यावर बोलण्यासाठी. आम्ही त्यांना कळवले की, कायद्यावर बोलणारे वकील या शहरात पुष्कळ आहेत, आम्हांला एकदा पोटावर बोलू द्या. पोटावर म्हणजे भुकेच्या प्रश्नावर असे समजून ते ‘जरूर’ म्हणाले. पण आम्हांला बोलावयाचे होते ते आमच्या स्वतःच्या पोटावर. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ते कापून अंड्याएवढे केले आहे. हे ऐकल्यावर चिटणीस जरा संकोचले, परंतु शब्द दिला गेला होता. तेव्हा वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणसाचे जगणे कसे बदलते, हा आजचा विषय.

आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंत. पुढचे सारे युनियनच्या कचेरीतल्या एका कपाटावर झाले. वैद्यकातल्या गोष्टी आम्ही रुग्णाच्या बाजूने शिकलो आहोत. त्यांत चूक झाली तर येथे बसलेल्या डॉक्टरमंडळींनी शेवटी उठून ती खुशाल दुरुस्त करावी.

आम्ही प्रेस शॉपमध्ये कामाला लागलो तेव्हा आमचे वजन ५८ किलो होते. युनियनचे पूर्णवेळ काम अंगावर घेतले आणि अंग वाढू लागले. रात्री अकराला शिफ्ट सुटते, म्हणून गेटसभा अकराला. सभेनंतर वडापाव. दिवसा वाटाघाटी. त्यांत मालकाकडून मिळणारी पगारवाढ थोडी आणि बिस्किटे पुष्कळ, हा आमचा अनुभव आहे. पंचवीस वर्षांत आम्ही १२४ किलोंवर गेलो. कामगार चळवळीच्या व्यंगचित्रांत ढेरी नेहमी मालकाची असते, हे आपण पाहिलेच असेल. आमच्या समोरचे कारखानदार मात्र सकाळी उठून पळणारे, सडपातळ, आणि ढेरी कामगारांच्या पुढाऱ्याला. गेटवर एकदा मागून कोणी ओरडले, ‘नाना, आमचा बोनस तुमच्याच पोटात गेला का?’ सगळे हसले, आम्हीही हसलो. त्या रात्री मात्र जेवलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट जेवलो.

डॉक्टर लठ्ठपणा एका हिशेबाने मोजतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागावयाचे. आमची उंची १.६८ मीटर, म्हणून भागाकार आला ४४. त्यात अकरा वर्षांचा मधुमेह आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार. एका वाटाघाटीत तर आम्ही समोरच्या पक्षाचे म्हणणे चालू असता घोरू लागलो. त्यांना ती आमची युक्ती वाटली! ‘खाणे आवरा’ असे आम्हांला सर्वांनी सांगितले होते, आणि आम्ही ते चार वेळा आवरले होते. दर वेळी दहा-बारा किलो गेले आणि पंधरा परत आले. यात नुसता मनाचा दुबळेपणा नसतो. वजन घटले की शरीर भूक वाढवते आणि खर्च कमी करते, असे शास्त्र सांगते. हे आम्हांला विशीत कोणी सांगितले असते तर बरेच अपमान हलके झाले असते.

शस्त्रक्रियेचा इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे शल्यचिकित्सक होते. अल्सरसाठी ज्यांचे अर्धेमुर्धे जठर काढले ते रोगी पुढे जाड होत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि १९६६ साली त्यांनी लठ्ठपणासाठी अशा प्रकारची पहिली शस्त्रक्रिया केली. आज ती दुर्बिणीने, चार-पाच छिद्रांतून होते. जठराच्या वरच्या टोकाची एक लहान पिशवी करतात आणि ती खालच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न बाकीचे जठर आणि आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते. याला बायपास म्हणतात. दुसऱ्या प्रकारात जठर उभे कापून त्याची केळ्यासारखी नळी ठेवतात. आमचा बायपास झाला.

याचा उपयोग होतो काय? होतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार आणि न झालेल्या सुमारे दोन हजार लठ्ठ माणसांचा मागोवा घेण्यात आला. २००७ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू कमी आढळले. आमची साखर तर वजन उतरण्याआधीच, पहिल्या आठवड्यात उतरली. हे पुष्कळांच्या बाबतीत घडते. दीड वर्षात आम्ही ८६ किलोंवर आलो. आज ९१ आहोत. थोडे परत येते, तेही येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. हल्ली वजन उतरवणारी इंजेक्शनेही आली आहेत. त्यांवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही, ती आम्ही घेतलेली नाहीत.

खर्चाची गोष्ट वेगळी. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे हा भागाकार ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ किंवा अधिक असून काही गंभीर विकार जोडीला असतील, तर निव्वळ वजनाची शस्त्रक्रिया म्हणून विमा कंपनीला दावा सरसकट नाकारता येत नाही. आमचा दावा तरीही प्रथम नाकारला. कोणी, ते सांगत नाही. तीन पत्रे लिहिली, तेव्हा मंजूर झाला. तीस वर्षे दुसऱ्यांसाठी अर्ज लिहिण्याचा सराव कामी आला.

आता नंतरचे जगणे. पहिले काही आठवडे नुसते पातळ, मग कालवलेले, मग मऊ, आणि दोनेक महिन्यांनी नेहमीचे अन्न. पण नेहमीचे म्हणजे किती? अर्धी भाकरी, दोन चमचे भाजी, वाटीभर घट्ट वरण किंवा एक अंडे. तेही वीस ते तीस मिनिटे चावून. घाई केली की घास छातीत अडकतो आणि उलटून पडतो. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून घोटघोट. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत, आणि एका अंड्यात ती सहाच ग्रॅम असतात. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा खावे लागते. आतड्याचा पहिला भाग टाळल्यामुळे लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत, म्हणून गोळ्या जन्मभर. कारखान्यात गुडघे दुखले की लोक ज्या गोळ्या चिवड्यासारख्या खातात, त्यांतल्या बहुतेक आम्हांला वर्ज्य, कारण जोडावर व्रण पडतो. तंबाखूही त्याच कारणाने वर्ज्य. दारू तर फार भराभर चढते, आणि अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले की बायपासनंतर दुसऱ्या वर्षी दारूच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण वाढते. हे प्रत्येक घरच्या माणसाने ऐकून ठेवावे.

आपल्याकडे पंगत आणि आग्रह हे एक निराळेच संकट आहे. एका कामगाराच्या मुलीच्या लग्नात यजमानांनी हाताला धरून दोन जिलब्या वाढल्या. नाही म्हणणे जिवावर आले, खाल्ल्या. गोड एकदम आतड्यात उतरले की असे होते, हे पाठ होते तरी खाल्ल्या. दहा मिनिटांत घाम, धडधड, चक्कर! पुढारी मांडवाच्या कनातीमागे सतरंजीवर आडवे, आणि बाहेर सनईवादन चालू. त्या दिवसापासून आमच्या मंडळी लग्नाला येतात त्या आमच्या शेजारी पहारा देण्यासाठीच.

केस गळले, ते चौथ्या महिन्यात. पुढे आले. पोटाची कातडी मात्र लोंबत राहिली. गावाकडे बातमी पसरली की नानांना काही दुर्धर झाले आहे. साखळी उपोषणाला बसण्यास डॉक्टरांनी मनाई केली, तर दुसऱ्या युनियनवाल्यांनी फलक लावला की, यांचे पोट कापलेले, यांना उपोषणाचे काय! आणि एक गोष्ट आम्हांला अजून टोचते. तेच मुद्दे, तोच आवाज, परंतु सडपातळ झाल्यावर अधिकारी आमचे अधिक मन लावून ऐकू लागले. म्हणजे आधी ते मुद्दे ऐकत नव्हते, ढेरी पाहत होते.

इथवरचे ऐकून आपल्याला वाटेल की माणसाचे बरेच चालले आहे. आम्हांलाही तेच वाटत होते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या वर्षी एका गेटसभेत आम्ही स्टुलावर उभे राहिलो आणि आमची जुनी पँट उंच धरून दाखवली. टाळ्या पडल्या. त्या गर्दीत आमचा एक जुना सोबती उभा होता, प्रेस शॉपमधला, आमच्याहूनही वजनदार. त्याने पुढे येऊन विचारले, ‘नाना, मी करून घेऊ का?’ आम्ही म्हणालो, ‘घे की लेका, वाट कसली बघतोस?’ त्याचा विम्याचा अर्जही आम्हीच लिहिला.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. दीड महिन्याने तो कामावर गेला. जेवणाची सुटी अर्ध्या तासाची. शॉपपासून कँटीन सात मिनिटे, हात धुणे आणि रांग आणखी पाच, परत येण्यास सात. राहिली अकरा मिनिटे. त्या अकरा मिनिटांत त्याला अर्धी भाकरी चावावयाची होती. घाईत खाल्ले की उलटी, म्हणून तो न खाता राही. पाणी मशीनवर नेण्यास बंदी. डॉक्टरांनी सांगितलेली पाच खाणी घरी सकाळी आणि रात्री मिळून दोन होत. शस्त्रक्रियेला विमा होता, पण गोळ्या आणि प्रथिनांची पावडर खिशातून. दोन महिन्यांनी त्याने त्या बंद केल्या, आणि लाजेने आम्हांला सांगितले नाही. बेसिनपाशी वारंवार ओकताना, पुढे चालताना झोकांड्या खाताना सुपरवायझरने पाहिले, आणि मेमो दिला: कामावर मद्यप्राशन करून आल्याबद्दल. हा गडी माळकरी आहे.

तो मेमो घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. त्याचे पाय भिंतीला धरूनच उचलत होते. तळव्यांना मुंग्या. वहिनी एवढेच म्हणाल्या, ‘नाना, तुम्ही सांगितलं म्हणून केलं ह्यांनी.’ रुग्णालयात कळले की सतत उलट्यांमुळे शरीरातले ब-१ जीवनसत्त्व संपले होते. इंजेक्शने मिळाली, चाल सुधारली. तळव्यांचा बधिरपणा राहिला.

आम्ही रात्रभर हिशेब करीत बसलो. दोघांचे पोट सारखेच कापले होते. फरक एवढाच की आमच्याजवळ कचेरी होती, खुर्ची होती, मंडळींनी भरून दिलेले पाच छोटे डबे होते, आणि कोणत्या वेळी कोणता डबा उघडावा हे विचारणारा सुपरवायझर नव्हता. पँट दाखवताना आम्ही खुर्ची दाखवावयास विसरलो होतो.

पुढच्या मागणीपत्रात आम्ही कलम घातले: डॉक्टरी दाखला असलेल्यास पंधरा मिनिटांची जादा सुटी, मशीनवर पाण्याची बाटली, आणि औषधाचा खर्च. सभासदांच्या सभेत ते वाचले तेव्हा हशा झाला. एक जण म्हणाला, ‘खाऊन वाढवलं, कापून घटवलं, आता पुन्हा खायला सुटी?’ आम्हांला उत्तर सुचेना. तेवढ्यात जुळणी विभागातल्या एक बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘मला साखर आहे. मलाही थोडं थोडं खायला सांगितलंय. मी संडासात जाऊन बिस्कीट खाते.’ मग एक अल्सरवाला उठला, मग एक गरोदर बाई. हशा थांबला. त्या रात्री कलमातला ‘शस्त्रक्रिया’ हा शब्द आम्ही काढून टाकला.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. आठवड्याला रविवारची सुटी, आणि रोज दुपारी अर्धा तास विश्रांती, अशा त्यांतल्या मागण्या होत्या. रविवार १८९० साली मिळाला. तो सर्वांना ठाऊक आहे. अर्ध्या तासाची आठवण कोणी काढीत नाही. आम्हीसुद्धा तो आयताच मिळाला असे समजून तीस वर्षे त्यात वडापाव कोंबला.

व्यवस्थापनाबरोबर आतापर्यंत तीन बैठका झाल्या. मेमो मागे घेतला गेला. पाण्याची बाटली मिळाली. जादा सुटी दहा मिनिटांची, तीन महिने प्रयोग म्हणून, असे ते म्हणतात. आम्ही पंधराला अडून बसलो आहोत. औषधाच्या खर्चावर ते बोलत नाहीत, आणि त्या गड्याच्या गैरहजेरीच्या दिवसांचा पगारही अजून अडकलेला आहे. पुढची बैठक येत्या मंगळवारी आहे. त्याला आता स्टोअरमध्ये हलके काम दिले आहे, बसून पावत्या लिहिण्याचे. खुर्ची मिळाली आहे. डबा मात्र अजून तो भोंगा झाल्यावरच उघडतो.