गिळण्यावाचून औषध
(रुग्णांच्या आप्तेष्टांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुखाच्या वा घशाच्या कर्करोगात पाण्याचा घोटही रुग्णास असह्य होतो. अशा वेळी गोळी कुटून पाण्यातून पाजणारे नातेवाईक आम्ही पाहतो. त्यामागील माया आम्हांस कळते. तथापि सावकाश विरघळण्यासाठी केलेली गोळी कुटल्यास सारी मात्रा एकदम अंगात भिनण्याचा धोका असतो.

गिळलेल्या औषधाचा काही अंश, कित्येकदा बराचसा, यकृतातच निकामी होतो. गालाच्या अस्तरातून शोषलेले औषध मात्र यकृत टाळून थेट रक्तात मिसळते. ही वाट आपल्याकडे जुनीच आहे, पण दुर्दैवाने तंबाखूची! चुना मळलेली चिमूट गालात धरली की निकोटीन याच वाटेने उतरते.

अडचण लाळेची. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि औषध धुऊन नेते. त्यासाठी कार्बोपॉल, किंवा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारे कायटोसान, अशी चिकट बहुवारिके वापरतात. पाकिटाचा डिंक ओलावताच चिकटतो, तशी ही द्रव्ये ओल शोषून फुगतात आणि त्यांच्या लांब साखळ्या अस्तरावरील श्लेष्म्यात गुंततात. तोंड आल्यावर लावण्याच्या काही मलमांत हेच तत्त्व असते. असे मलम चोळू नये, नुसते टेकवावे. चोळल्यास त्याचे कण सुटतात.

कर्करोगाच्या तीव्र वेदनेसाठी गालाला चिकटणाऱ्या फेंटानिलच्या पट्टीला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली. तोंडातील बुरशीवरील, वरच्या हिरडीला चिकटवावयाच्या मायकोनाझोलच्या गोळीला २०१० मध्ये मिळाली. मात्र प्रत्येक औषध या वाटेने देता येत नाही. अस्तराचे क्षेत्र लहान, म्हणून अल्प मात्रेत गुणकारी असणारीच औषधे येथे चालतात. सुपारीने ज्यांच्या तोंडाचे अस्तर राठ झाले आहे, त्यांच्याबाबत आम्ही अधिकच सावध असतो.

फेंटानिल तर अफूवर्गीय औषधांची आधीच सवय झालेल्या रुग्णांसाठीच आहे; इतरांना, विशेषतः घरातील लहान मुलास, ते प्राणघातक ठरू शकते. ते कुलपातच ठेवावे.

बुरशीवरील गोळी पहिल्या सहा तासांत निसटली तर तीच पुन्हा लावावी. चुकून गिळली गेली तर रुग्णास पेलेल तसे पाणी द्यावे आणि नवी गोळी एकदाच लावावी.