वहीत उतरलं तेवढंच उरलं



सध्या आमच्या बचत गटात दोनच विषय आहेत, आमचूर आणि बहिणाबाई. दुपारी कैऱ्या सोलायच्या, फोडी उन्हात घालायच्या आणि जिला वाचता येतं तिनं मोठ्यानं वाचायचं.

बहिणाबाई चौधरी आपल्या खानदेशातल्याच. जळगावजवळचं असोदे त्यांचं माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर गाणी सुचायची. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ती कागदावर टिपली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. जे वहीत उतरलं, तेवढंच आपल्या हाती आलं.

वाचताना शिकलेल्या पोरी एखाद्या शब्दाला अडतात. आमच्या म्हाताऱ्या बाया मात्र हातातली कैरी न सोडता अर्थ सांगतात.

मग मनात आलं, आपल्या गाण्यांचं काय? भिली, पावरी, अहिराणीतली लग्नाची, होळीची गाणी कितीतरी आज्यांबरोबर गेली. आता हळदीला डीजे वाजतो. जुनी गाणी पूर्ण म्हणणाऱ्या आमच्यात दोघीच उरल्यात.

म्हणून आम्ही ठरवलंय, दर बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला की एक गाणं लिहायचं. बाई म्हणेल तसंच, तिच्याच बोलीत. शब्द सुधारायचे नाहीत. खाली तिचं नाव, गाव आणि गाणं कधी म्हणतात तेही लिहायचं. मोबाईलवर आवाज घ्यायचा, पण तिला विचारूनच.

बायांनो, तुमच्या गटातही एक वही ठेवा. पहिलं गाणं सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचं घ्या.