झुडपातले पाहुणे
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



धामणकर नाक्यावरून कामतघरकडे गेलं की वऱ्हाळादेवीचा तलाव लागतो. आपल्यापैकी बरेच जण तिथे सकाळी फिरायला येतात. सध्या डिसेंबर आहे, तेव्हा चालताना जरा गप्पा कमी करा आणि ऐका. पाण्याच्या कडेला शेपटी वरखाली हलवत फिरतो तो धोबी, हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून आलेला. मागच्या झुडपात कुणीतरी ‘चक्, चक्’ करत असतं, पण दिसत नाही. तो वटवट्या. कोलकात्यात संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लिथ यांचं नाव या जातीला दिलेलं आहे. मातकट रंग, वजन जेमतेम १०-१२ ग्रॅम. अंडी घालतो फिनलंड-रशियाकडे आणि हिवाळा काढतो आपल्याकडे. तिकडे रात्र रात्र गातो, इथे नुसतं ‘चक्’. गाणं जोडीदारासाठी आणि हद्दीसाठी. इथे तो पोटापाण्याला आलेला. मागावर काम करायला कुठून कुठून माणसं आली ते पाहिलेल्या भिवंडीकरांना याचं नवल वाटू नये.

प्रवासही रातपाळीचाच. असे चिमुकले पक्षी बहुतेक अंधारात उडतात. तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांवरून दिशा धरतात. पिल्लं पहिल्याच वर्षी आईबापांशिवाय निघतात. शाळेत हे कळलं असतं तर होकायंत्राचा धडा मी दोनदा वाचला असता!

धोबी हिरवळीवरही उतरतो. वटवट्याला मात्र गचपण लागतं: बाभूळ, टणटणी, काठचं पाणकणीस. किडे तिथेच मिळतात. आणि साफसफाई म्हटली की आपण आधी तेच उपटतो.

आपल्या बॅचच्या निधीतून शाळेमागे बाग करायचं ठरतंय. आराखड्यात पेव्हर ब्लॉक, लॉन, शोभेचे पाम आणि चारही बाजूंनी मोठे दिवे आहेत. माझी विनंती एवढीच, की कुंपणालगतची बाभूळ आणि तिच्याखालची झुडपं आहेत तशी राहू द्या, आणि त्या बाजूला दिवे नकोत. रात्री उडणाऱ्यांना झगझगाट चकवतो. साप निघतील ही सरांची काळजी रास्त आहे. मुलं तिकडे जाणार नाहीत अशी जाळी मध्ये घालू. तिचा खर्च माझ्याकडे.

ठराव जेवणानंतर आहे. त्याआधी ज्यांना कुंपणापाशी येऊन ऐकायचं असेल त्यांनी माझ्याबरोबर चला. दुर्बीण आणली आहे.