शिकलेली परिचारिका रुग्णापासून दूर का?

(परिचारिकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



परिचर्येच्या उच्च शिक्षणावर अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कोणत्याही शिक्षणाविषयी अर्थशास्त्र दोन प्रश्न विचारते. त्याचा खर्च कोण सोसतो आणि त्याचे फळ कोणाच्या पदरात पडते? परिचर्येच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे अस्वस्थ करणारी आहेत.

हे शिक्षण आपल्याकडे नवे नाही. भोर समितीने १९४६ साली अहवाल दिला, तेव्हा देशात सुमारे त्रेचाळीस हजार लोकांमागे एक परिचारिका होती. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. १९५९ साली दिल्लीत पदव्युत्तर वर्ग निघाले आणि १९६४ साली मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे नर्सिंग महाविद्यालय उभे राहिले. महाराष्ट्रात याची पायवाट त्याही आधी पडली होती. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने, ज्याची स्थापना १९०९ ची, स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडले. परक्याच्या देहाला हात लावण्याचे काम घरंदाज बाईने करावे, हे त्या काळच्या समाजाला सहज पटणारे नव्हते.

आज तो विरोध उरलेला नाही. त्यामागची वृत्ती मात्र जिवंत आहे. जातिव्यवस्थेने आपल्याला शिकविले की, हाताने करावयाचे काम हलके आणि हात न लावता सांगावयाचे काम श्रेष्ठ. आमच्या रुग्णालयांतील बढतीची शिडी याच शिकवणुकीवर उभी आहे. अधिपरिचारिकेची परिसेविका होते, पुढे अधिसेविका होते आणि प्रत्येक पायरीवर ती रुग्णाच्या खाटेपासून रजिस्टरांकडे, भांडाराच्या मागणीपत्रांकडे आणि ड्यूटीच्या तक्त्याकडे सरकत जाते. एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या बाईची वाट तर बहुधा थेट अध्यापनाकडे जाते. चांगल्या शिक्षिका हव्यातच. परंतु ज्ञान वाढले की खाट सुटावी, हा कुठला न्याय?

पदवीनंतर अनुभव घेऊन ही बाई आणखी दोन वर्षे शिकते. बालरुग्ण, मनोरुग्ण, प्रसूती, सामाजिक आरोग्य यांपैकी एका शाखेत ती प्रावीण्य मिळविते. अनेकींना त्यासाठी खाजगी महाविद्यालयांची फी कर्ज काढून भरावी लागते. पुन्हा वॉर्डात परतावे, तर पुष्कळदा तेच काम, तोच पगार आणि निर्णयाचा तितकाच तोकडा अधिकार वाट्याला येतो. मग ती आखातात किंवा इंग्लंडला गेली, तर तिला देशाभिमानाचे धडे देण्याचा आपल्याला काय अधिकार?

या शिक्षणाचे फळ रुग्णाला मिळू शकते, याला पुरावा आहे. लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली 'लॅन्सेट'मध्ये युरोपातील नऊ देशांतल्या तीनशे रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांवर रुग्णांची माहिती त्यात होती. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असेल, तर तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी आढळली. उलट, परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ती शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. या दोन आकड्यांचा अर्थ नीट ध्यानी घ्या. पदवीने जे कमवावे, ते एका वाढीव रुग्णाच्या भाराने गमवावे लागेल! इंडियन नर्सिंग कौन्सिलने अध्यापन रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाचांमागे एक परिचारिका असावी, असे प्रमाण ठरविले होते. आपल्या पाळीत हे प्रमाण किती दिवस पाळले जाते, ते तुम्हांला मी सांगावयास नको.

ज्ञान खाटेपाशीच ठेवण्याचा मार्गही अज्ञात नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी १९६५ साली नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला. जेथे मुलांना डॉक्टर मिळत नव्हता, तेथे तपासणी व उपचार करू शकणारी परिचारिका त्यांना घडवावयाची होती. आपल्याकडेही अतिदक्षता परिचर्येसाठी असा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने नर्स प्रॅक्टिशनरचा संवर्ग उभारण्याची शिफारस केली. पण अभ्यासक्रम पुढे गेला आणि पदे मागे राहिली. पदाविना पदवी म्हणजे भिंतीवर टांगलेला कागद.

म्हणून २०२३ च्या परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याचे स्वागत करतानाच आपण तीन मागण्या धरून बसले पाहिजे. उच्चशिक्षित परिचारिकेसाठी वॉर्डातच, स्वतंत्र वेतनश्रेणीचे व स्पष्ट अधिकारांचे पद हवे. सेवेतील परिचारिकेला पगारी रजेवर, सरकारी खर्चाने शिकता आले पाहिजे. बदल्यात तिने काही वर्षे सार्वजनिक रुग्णालयात सेवा द्यावी. आणि रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत, कारण चाळीस खाटा एकटीने सांभाळणाऱ्या बाईला कोणतीही विद्या वापरता येत नाही.

पैसा कोठून आणावयाचा, असे विचारले जाईल. पैसा आजही खर्च होतोच आहे. तो परिचारिकेचे कुटुंब कर्जाच्या हप्त्याने भरते आणि गरीब रुग्ण आपल्या प्राणाने. हा हिशेब सरकारच्या अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढेच. तो तेथे मांडावयास भाग पाडणे, हे तुमच्या संघटनेचे काम आहे आणि त्यात आम्हां नागरिकांनी तुमच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे.