लिफाफ्यातलं मत कोणाचं?



आजचा विषय कळल्यावर एका कार्यकर्त्याने मला विचारलं, ‘टपाली मत तर फौजी आणि इलेक्शन ड्यूटीवरचे कर्मचारी टाकतात. आपल्याला त्याचं काय?’ उत्तर देण्याआधी मी तुम्हाला इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात नेतो. तिथे जे घडलं, ते आपल्यासारख्याच घरांत घडलं.

ब्रिटनमध्ये 2000 सालच्या कायद्याने टपाली मतदान सोपं केलं. कारण सांगायची गरज उरली नाही. अर्ज केला की मतपत्रिका घरी येऊ लागली. हेतू चांगला होता, पण अर्ज खरंच त्याच माणसाचा आहे का, हे तपासायची सोय जवळपास नव्हती.

जून 2004 मध्ये बर्मिंगहॅम महापालिकेची निवडणूक झाली. ॲस्टन आणि बोर्डस्ली ग्रीन हे दोन प्रभाग, दोन्हींत मुस्लिम वस्ती मोठी. निकालाला आव्हान दिलं गेलं आणि एप्रिल 2005 मध्ये निवडणूक न्यायालयाचे न्यायाधीश रिचर्ड मॉरी यांनी दोन्ही प्रभागांची निवडणूक रद्द केली. लोकांच्या नावे खोटे अर्ज, खोट्या सह्या, पळवलेल्या मतपत्रिका, सगळं पुराव्यानिशी समोर आलं. एका गोदामात रात्री मतपत्रिकांचा ढीग पोलिसांनी पाहिला होता. सहा नगरसेवक दोषी ठरले. त्यांतला एक पुढे अपिलात सुटला.

हे दोषी आपल्यातले होते. ज्यांची मतं चोरली गेली, तेही आपल्यातलेच होते. ‘समाजाची बदनामी होईल’ म्हणून गप्प बसायचं, तर कोणाच्या बाजूने गप्प बसायचं? मत चोरणाऱ्याच्या की ज्याचं चोरलं त्याच्या?

पुढे कायदा बदलला. 2006 च्या कायद्याने टपाली मतदाराची सही आणि जन्मतारीख आधी नोंदवून घ्यायला सुरुवात झाली. मतपत्रिकेसोबत परत सही आणि जन्मतारीख द्यायची, आणि दोन्ही जुळल्या तरच मत मोजायचं. सुरुवातीला काही टक्के लिफाफेच तपासले जात. नंतर सगळे तपासणं बंधनकारक झालं. 2022 च्या कायद्याने आणखी एक दार बंद केलं. पक्षाच्या प्रचारकाने, घरचे वगळता, दुसऱ्याची टपाली मतपत्रिका हाताळणं गुन्हा ठरला, आणि इतर कोणालाही स्वतःच्या मताखेरीज जास्तीत जास्त पाच जणांची मतं नेऊन देता येतात.

यातली दोन लिफाफ्यांची युक्ती समजून घ्या, कारण ती भारतातही आहे. मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात बंद. तो लिफाफा आणि सही केलेलं घोषणापत्र बाहेरच्या लिफाफ्यात. मोजणीच्या वेळी आधी घोषणापत्र तपासतात. ते बरोबर असेल तरच आतला लिफाफा पुढे जातो आणि इतरांत मिसळून उघडला जातो. म्हणजे मत कोणी दिलं ते तपासलं जातं, पण कोणाला दिलं ते कळत नाही.

पण लिफाफा बंद होण्याआधी घरात काय झालं, हे कुठलीही सही सांगत नाही. मतदान केंद्रावर पडद्याआड तुम्ही एकटे असता. घरात अब्बा असतात, मोठा भाऊ असतो, गल्लीतला कार्यकर्ता असतो. ‘तू फक्त सही कर, बाकी मी बघतो,’ एवढं वाक्य पुरतं. टपाली मतदानाचा सगळ्यात कच्चा दुवा हाच आहे.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. आपल्याकडे 85 वर्षांवरच्या आणि 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून टपाली मत देता येतं. वयाची ही अट 2024 मध्ये 80 वरून 85 केली. त्यासाठी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यावर पाच दिवसांत 12-डी फॉर्म भरावा लागतो. मग मतदान अधिकारी पोलिसांसह घरी येतात, चित्रीकरण होतं, उमेदवारांना आधी कळवलेलं असतं म्हणून त्यांचे प्रतिनिधीही हजर राहू शकतात. चित्रीकरण प्रक्रियेचं होतं, मत मात्र गुप्तच राहतं. एकदा ही सोय घेतली की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

म्हणजे तुमच्या दादी-नानीचं मत तुमच्याच घरात, खाटेवर बसून दिलं जाणार आहे. तेव्हा तुम्ही कुठे उभे असाल?

माझ्या नानीच्या वेळी माझा मामेभाऊ तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, ‘नानी, मी दाखवतो ना.’ अधिकारी बाईंनी त्याला शांतपणे बाहेर बसायला सांगितलं. तो चिडला. नानीने मात्र पदर सावरला, कागद स्वतःकडे ओढला आणि वेळ घेऊन खूण केली. कोणाला दिलं, हे तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्ही विचारलं तर हसायची.

कडक नियमांचा त्रासही होतो, हे मान्य. म्हाताऱ्या हाताची सही बदलते, घोषणापत्रावर साक्षांकन राहून जातं आणि खरं मत बाद होतं. म्हणून मदत जरूर करा. फॉर्म आणून द्या, तारीख लक्षात ठेवा, कागद नीट भरलाय का पाहा. खूण करायची वेळ आली की खोलीबाहेर या. मतदाराला दिसत नसेल किंवा हात चालत नसेल, तर नियमाप्रमाणे सोबती घेता येतो. पण त्यानेही मतदार सांगेल तिथेच खूण करायची आणि तोंड बंद ठेवायचं.

मत ही अमानत आहे, असं आपण व्यासपीठावरून नेहमी म्हणतो. दुसऱ्याची अमानत आपल्या हातात आली, तर ती जशीच्या तशी पोहोचवायची असते. घरातल्या बाईची, म्हाताऱ्याची, अपंगाचीही.